इटालियन चित्रपटांचा 'मूळ' आवाज

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला जुन्या इटालियन चित्रपटांच्या डिस्कवरचा लेख वाचला. 'डबिंग बंद करा, मूळ आवाज लावा, खाली सबटायटल्स ठेवा' असं सांगून लेखक मोकळे झाले. पण या चित्रपटांत मूळ म्हणून जो आवाज ऐकू येतो, तोच बहुतेक वेळा डब केलेला असतो. हे लेखात कुठेच नाही.

तिथे अनेक दशकं संवाद नंतर स्टुडिओत भरले जात. दिग्दर्शक फेलिनी तर सेटवर नटांना कधी कधी नुसते आकडे म्हणायला लावत. त्यांच्या 'ला स्त्रादा'त (१९५४) हॉलिवूडचा नट अँथनी क्विन इंग्रजीत बोलला. इटालियन ट्रॅकवर त्याला आवाज आहे आर्नोल्दो फोआ यांचा. दिग्दर्शक व्हिस्कोंती यांच्या 'इल गात्तोपार्दो'त (१९६३) बर्ट लँकेस्टरचे ओठ इंग्रजी बोलतात आणि कानावर इटालियन पडतं. लँकेस्टरचा स्वतःचा आवाज इंग्रजी आवृत्तीत आहे, पण ती १६१ मिनिटांची. इटालियन आवृत्ती तीन तासांच्या वर जाते. इथे मी इटालियनच लावायला सांगेन. उलट 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' (१९६६) हा इटालियन चित्रपट असूनही इंग्रजीतच पाहावा, कारण ईस्टवूड, वॉलक आणि व्हॅन क्लीफ या तिन्ही नटांचे खरे आवाज तिथेच आहेत. २००३च्या आवृत्तीत परत घातलेल्या प्रसंगांसाठी ईस्टवूड आणि वॉलक यांनी उतारवयात आवाज दिले. ते प्रसंग आले की आवाज एकदम जाड होतात. व्हॅन क्लीफ तोवर हयात नव्हते, त्यामुळे तिथे दुसऱ्याचा आवाज आहे.

माझा खरा राग आहे तो इंग्रजी सबटायटल्सवर. कित्येक डिस्कवर ती इटालियनवरून केलेलीच नसतात, इंग्रजी डबिंगची वाक्यं जशीच्या तशी उतरवलेली असतात. डबिंगमध्ये ओठ मिटतात तिथे प, ब, म यावा लागतो, म्हणून शब्द बदलतात, वाक्यं ताणली किंवा छाटली जातात. ते मग इटालियनचं भाषांतर कसं होणार?

तपासायला दोन मिनिटं पुरतात. दोघं भरभर बोलतायत असा प्रसंग लावा, ऑडिओ इंग्रजी करा, सबटायटल्स चालू ठेवा. शब्दन्‌शब्द जुळला तर समजून जा. मग ऑडिओ इटालियन करून तोच प्रसंग पुन्हा पाहा. पाठमोरा माणूस दोन वाक्यं बोलतो आणि खाली काहीच उमटत नाही, किंवा सगळे गप्प असताना ओळ येते, ही पक्की खूण. मेनूत इंग्रजी सबटायटल्स दोन असतील तर कर्णबधिरांसाठीची सोडून दुसरी घ्या. कर्णबधिरांसाठीची बहुधा इंग्रजी ट्रॅकवरूनच केलेली असते. डिस्कचं परीक्षण छापताना एवढं तरी तपासलं जावं.

आणखी एक. लेखात 'ला डोल्से विटा' आणि 'लुचिनो व्हिस्काँटी' छापलं आहे. इंग्रजीत 'त' नाही, आपल्याकडे आहे ना? 'ला दोल्चे व्हिता' लिहा, त्यातला च 'चहा'तला. आणि व्हिस्कोंती यांचं नाव लुकीनो. इटालियनमध्ये 'ch'चा उच्चार क होतो. इंग्रजी स्पेलिंगवरून मराठीत नाव लिहिणं हेसुद्धा डबिंगवरून सबटायटल्स करण्यासारखंच आहे. पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

— एक वाचक, पुणे