सूचना : लायसन्सवरचे पॉइंट

सभासदहो, नमस्कार.

गणपतीच्या सामानासाठी गाड्या फिरायला लागल्यात, म्हणून इंग्लंडमधल्या आपल्या मंडळींना आठवण. वाहतुकीचा नियम मोडला की लायसन्सवर दंडाचे पॉइंट चढतात. तीन वर्षांत १२ पॉइंट झाले की कोर्ट साधारण सहा महिने तरी गाडी चालवणं बंद करतं, हे बहुतेकांना ठाऊक आहे. पण इथली टेस्ट पास होऊन दोन वर्षं झाली नसतील, तर ६ पॉइंटलाच लायसन्स रद्द! पुण्यात पंधरा वर्षं गाडी चालवली असली तरी इथे तुम्ही नवशिकेच. मग परत लर्निंग, परत थिअरी, परत टेस्ट.

आणि हे ६ पॉइंट एका फटक्यात मिळतात : फोन हातात घेतला की. लाल सिग्नलला उभं राहून ‘कुठे पोचलात?’ एवढंच बघितलं तरी ६ पॉइंट आणि २०० पौंड. फोन स्टँडवर लावा, मोदकांची चौकशी शेजारी बसलेल्याला करू द्या.

वेगमर्यादा ओलांडल्याचं पत्र गाडीमालकाच्या नावाने येतं. गाडी दुसऱ्या कुणी चालवली असेल तर त्याचं नाव २८ दिवसांत कळवा. पत्र ड्रॉवरमध्ये पडून राहिलं तर पॉइंट मालकालाच, तेही सहा.

मंडळाच्या कामासाठी गाडी देणाऱ्यांनी कोण कधी चालवणार ते वहीत लिहावं.

– चिटणीस