चोरून पाहणे, सहज पुढे पाठवणे आणि कायदा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी सोलापुरात बरीच वर्षे वकिली करते. गेल्या दिवाळीच्या आधी अक्कलकोट रोडवरील एका टॉवेल कारखान्यात काम करणारा विशीतला तरुण रात्री नऊच्या सुमारास माझ्या घरी आला. त्याची आई विडी कामगार असून तिच्या भविष्य निर्वाह निधीचे काम मी पूर्वी पाहिले होते, एवढीच आमची ओळख. त्याच्या व्हॉट्सॲपवर पोलिसांच्या नावाने, राजमुद्रा छापलेले एक पत्र आले होते. तुम्ही मोबाईलवर अश्लील चित्रफिती पाहता याची नोंद आमच्याकडे आहे, दंड भरला नाही तर अटक होईल, असा त्याचा मजकूर. बोनसची रक्कम त्याने आधीच पाठवून दिली होती आणि दुसऱ्या मागणीसाठी तो उसनवारी करत फिरत होता. पत्र बनावट होते, पण चित्रफिती पाहण्याची सवय खरी होती, म्हणून घरी कोणापुढे तोंड उघडण्याची त्याला सोय नव्हती. अशा लाजेवरच हे भामटे जगतात, आणि ही लाज आपण सर्वांनी मिळून पोसली आहे, असे मला त्या रात्रीपासून वाटते.

त्याला जे समजावून सांगितले ते आपल्या वाचकांनाही कळावे, म्हणून हे पत्र. प्रौढ व्यक्तीने प्रौढांची चित्रफीत घरात एकांतात पाहणे हा आपल्या कायद्यात स्वतंत्र गुन्हा नाही. केरळ उच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये तसे म्हटले आहे. शिवाय पोलीस व्हॉट्सॲपवरून दंड वसूल करत नाहीत.

मात्र तीच चित्रफीत मित्रांच्या ग्रुपवर पाठवली की चित्र पालटते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७अ नुसार लैंगिक कृत्याचे उघड चित्रण प्रसारित करणाऱ्यास पहिल्याच गुन्ह्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘मी बनवली नाही, आलेली फक्त पुढे पाठवली’ हे वाक्य मी अशिलांकडून अनेकदा ऐकले आहे. कायद्याने पुढे पाठवणे हाच गुन्हा मानला आहे, हे त्यांना तेव्हा प्रथमच कळते.

अठरा वर्षांखालील मुलांच्या लैंगिक चित्रणाबाबत तर एकांताची सबबही उरत नाही. कलम ६७ब मध्ये असे चित्रण शोधणे, पाहणे आणि उतरवून घेणे (डाउनलोड करणे) हेही गुन्हे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात मद्रास उच्च न्यायालयाचा उलट निर्णय रद्द केला आणि उतरवून न घेता पाहिलेल्या चित्रफितीवरही पाहणाऱ्याचा ताबा मानला जाऊ शकतो, असे स्पष्ट केले. ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ हा शब्दही वापरू नये, कारण त्या चित्रणात एका मुलाचे शोषण प्रत्यक्ष घडलेले असते, असे न्यायालयाने बजावले, आणि ते मला मनापासून पटते. आपल्याला कोण पाहते आहे, असे समजणाऱ्यांनी हेही जाणावे की समाजमाध्यम कंपन्या अशा चित्रणाची माहिती अमेरिकेतील एका संस्थेला देतात आणि २०१९ च्या करारानुसार ती राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागामार्फत राज्यांच्या पोलिसांपर्यंत येते. सवय जुनी झाली की नेहमीच्या चित्रफितींनी समाधान होत नाही, माणूस नवे, अधिक वेगळे शोधू लागतो, आणि ही रेषा ओलांडली गेल्याचे कित्येकदा त्याच्या ध्यानातही येत नाही.

पाहणारा प्रत्येक जण आजारी असतो, असे मी म्हणत नाही. परंतु थांबायचे ठरवूनही थांबता येत नाही, झोप आणि काम बिघडते, पत्नीशी बोलणे तुटते आणि हे महिनोन्‌महिने चालते, तेव्हा तो उपचाराचा विषय होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात लैंगिक वर्तनावरील ताबा सुटण्याच्या विकाराची स्वतंत्र नोंद आहे. केवळ नैतिक अपराधीपणा वाटणे म्हणजे तो विकार नव्हे, असेही तेथे म्हटले आहे. शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून तेथे मराठीत बोलता येते.

त्या तरुणाला मी त्याच रात्री १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवायला लावली. गेलेले पैसे परत मिळाले नाहीत, पण दुसरा हप्ता वाचला. आईला काय सांगायचे हे मात्र तो माझ्या दारात उभा राहून बराच वेळ विचारत होता.

आपल्या दैनिकाने हे दोन्ही क्रमांक रोज ठळकपणे छापावेत, आणि शहर पोलिसांनी यंत्रमाग व टॉवेल कारखान्यांत, रात्रपाळी सुरू होताना, मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूतूनही हा कायदा समजावून सांगावा, ही नम्र विनंती.

आपली,
एक वकील वाचक, सोलापूर