हात स्टीअरिंगवरच ठेव

कराड,
मंगळवार

चि. अमोल यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी कॉलवर सिया बोलून गेली, "आजोबा, बाबाला पोलिसांनी थांबवलं होतं," आणि तू हसून कॅमेरा बाहेरच्या बर्फाकडे फिरवलास. नंतर मेघनाने आईला सगळं सांगितलं. आय-७५ वर स्पीडसाठी गाडी बाजूला घ्यायला लावली, तू स्वतःहून सांगितलंस की परवाना आहे आणि पिस्तूल कमरेला आहे, त्याने कार्ड पाहिलं आणि समज देऊन सोडलं. मला हे सगळ्यांत शेवटी कळलं. असो.

आई म्हणाली, फोन करा. फोनवर तू "हो अण्णा, हो अण्णा" करतोस आणि मागे तुमचा तो मिक्सर घरघरत असतो. म्हणून लिहितो आहे. पिस्तूल का घेतलंस, हे पुन्हा काढणार नाही. त्या पार्किंगमधल्या रात्रीनंतर तू ठरवलंस, आणि तेव्हा आपलं जे व्हायचं ते माईआत्यासमोर होऊन गेलं. ग्रीन कार्ड आलं तेव्हा आम्ही गल्लीत पेढे वाटले होते. एच-वन व्हिसावर असताना तिकडे सहसा बंदूक बाळगता येत नाही आणि ग्रीन कार्डावर येते, हे मला मागाहून समजलं. म्हणजे पेढे आम्ही नक्की कशाचे वाटले, असं मी आईला म्हणालो. ती दोन दिवस बोलली नाही.

मला एवढंच सांगायचं आहे, की पुन्हा कधी थांबवलं तर हात स्टीअरिंगवर ठेव. दोन्ही. वरच्या बाजूला, बोटं उघडी. त्याने सांगेपर्यंत ते तिथून हलवू नकोस, खिशाकडे तर मुळीच नाही.

तू म्हणशील, अण्णा, हे आम्हाला क्लासमध्ये शिकवतात. शिकवत असतील. आठ तासांचा क्लास, त्यातले तीन तास रेंजवर, मग काउंटी क्लार्ककडे अर्ज, हे सगळं मी वाचलं. माझं इंग्रजी कामापुरतं, पण कायद्याची भाषा कुठलीही असली तरी वाचायची सवय आहे. तुमच्या मिशिगनमध्ये पोलिसाने थांबवलं की ताबडतोब सांगायचं असतं. सांगितलं नाही तर पहिल्या वेळी पाचशे डॉलर दंड आणि सहा महिने परवाना निलंबित. तू सांगितलंस, बरोबर केलंस. मला अभिमान वाटला, हे आधी लिहायला हवं होतं. पण कायदा "सांगा" एवढंच म्हणतो. कसं सांगायचं आणि सांगताना हात कुठे असावेत, हे त्यात नाही. ते मी सांगतो, कारण खिडकीच्या बाहेरच्या बाजूला मी पोलीस म्हणून आयुष्य काढलं आहे.

विधानसभेच्या निवडणुकीतली नाकाबंदी होती, हायवेवर, मलकापूरच्या अलीकडे. रात्री दीडचा सुमार. माझ्या बाजूला थ्री-नॉट-थ्री घेऊन एक नवा पोरगा उभा होता, ट्रेनिंगहून नुकताच आलेला. एक जीप थांबली. ड्रायव्हर पन्नाशीचा, पांढरी टोपी, एकटाच. मी म्हटलं, "कागद दाखवा." तो "हो साहेब" म्हणाला आणि खाली वाकून सीटखाली हात घातला. बस, एवढंच. पण त्या पोराची रायफल वर आली. बोल्ट मागे ओढल्याचा आवाज मला आजही ऐकू येतो. मी ओरडलो, दोघांवरही. त्या माणसाने हात बाहेर काढला तर हातात सुतळी बांधलेली प्लास्टिकची पिशवी, तिच्यात आरसी बुक आणि विम्याचा कागद. पाऊस लागू नये म्हणून सीटखाली ठेवत होता बिचारा. त्याने काहीच चुकीचं केलं नव्हतं. मी कागद मागितले आणि कागद जिथे होते तिथे त्याचा हात गेला. पोराचे हात नंतर पाच मिनिटं थरथरत होते. त्याला मी चहाच्या टपरीवर बसवून ठेवलं.

ही गोष्ट मी घरी कधी सांगितली नाही. आईलासुद्धा आता हे पत्र वाचून दाखवेन तेव्हा कळेल.

आपल्याकडे तरी गाडीत हत्यार असेल असं हजारात एखाद्याबद्दल मनात येतं. इथे परवाना म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, पोलीस चौकशी, वर्षानुवर्षं हेलपाटे. आणि आचारसंहिता लागली की हत्यार ठाण्यात जमा. आमच्या ठाण्यात त्या दिवसांत मागच्या खोलीत बारा बोरच्या बंदुका भिंतीला टेकवून उभ्या असायच्या, प्रत्येकीच्या नळीला मालकाच्या नावाची चिठ्ठी. तुमच्याकडचा पोलीस मात्र प्रत्येक गाडीकडे हत्यार आहे असं धरूनच चालत येतो. तो तुझ्या गाडीच्या मागच्या बाजूला हात लावतो का, खिडकीच्या किंचित मागे उभा राहतो का, बघ कधी. तुला मान वळवावी लागेल अशा जागी तो उभा असतो. त्याचं सगळं लक्ष तुझ्या हातांवर असतं, चेहऱ्याकडे तो नंतर बघतो. आम्हीही तेच करायचो.

कसाबला पकडताना गेलेले तुकाराम ओंबळे साहेब आपल्याच जिल्ह्यातले, जावळीतल्या केडंब्याचे. २००८ ला गिरगाव चौपाटीवर त्या स्कोडाने नाक्याच्या अलीकडे थांबून हेडलाइट फुल केले आणि काचेवर पाणी मारून वायपर चालू केले, आतलं दिसू नये म्हणून. त्यांच्या हातात काठी होती फक्त. त्यानंतर आम्हा नाक्यावरच्या लोकांना हेडलाइट चालू ठेवून थांबलेल्या गाडीजवळ जाताना काय वाटायचं, ते तुला काय सांगू. तू म्हणशील कुठे अतिरेकी आणि कुठे मी. पण काचेबाहेर उभ्या असलेल्याला ते कसं कळणार? म्हणून रात्री थांबवलं तर इंजिन बंद कर, आतला दिवा लाव, चारही काचा खाली घे.

आणि गाडीतून उतरू नकोस. आपल्याकडे पोलिसाने हात केला की शहाणा माणूस खाली उतरतो, "साहेब, साहेब" करत जवळ येतो. जो काच अर्धी खाली करून आत बसून राहतो, त्याच्याबद्दल आमच्या मनात "कोण लागून गेला हा" असं येतं. तिकडे नेमकं उलटं आहे. कागद घेऊन अदबीने त्याच्याकडे चालत जाणारा माणूस त्याला चाल करून आल्यासारखा दिसतो. मागच्या खेपेला मी ट्रॉयला तुमच्या कॉलनीत मागे हात बांधून फिरायचो तेव्हा मेघना धावत आली होती ना, "अण्णा, हात पुढे ठेवा" म्हणत? मला तेव्हा राग आला होता. चाळीस वर्षांची सवय. मग तिने अलाबामातल्या त्या गुजराती आजोबांचं सांगितलं. २०१५ ची गोष्ट. नातवाला सांभाळायला आले होते, इंग्रजी येत नव्हतं, रस्त्यावरून नुसते चालत होते. पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं. मग मी निमूटपणे हात पुढे घेऊन फिरलो.

परत हातावरच आलो बघ. ठरवलं होतं एकदाच लिहायचं.

फिलँडो कॅस्टीलचं प्रकरण तुला माहीत असेल. मला नव्हतं, शेजारच्या देशपांड्यांच्या सुनेने लावून दिलं. जुलै २०१६, मिनेसोटात, सेंट पॉलच्या जवळच. शाळेच्या कॅफेटेरियात काम करणारा बत्तीस वर्षांचा माणूस, परवानाधारक. मागचा दिवा बंद म्हणून थांबवलं. त्याआधीही त्याला चाळीसहून जास्त वेळा थांबवलेलं होतं, म्हणजे कसं वागायचं हे त्याला शिकवण्याची गरज नव्हती. त्याने विम्याचं कार्ड दिलं आणि अदबीने, सर म्हणून सांगितलं की माझ्याकडे हत्यार आहे. तुझ्यासारखंच. पोलीस म्हणाला, हात घालू नकोस. तो म्हणाला, मी काढत नाही. काही सेकंदांत सात गोळ्या. पुढच्या वर्षी ज्युरीने त्या पोलिसाला निर्दोष सोडलं.

तो काळा होता, हे मला कळतं. तुझी गोष्ट वेगळी, असं तू म्हणशील. असेलही. मी म्हणत नाही की तिकडचे पोलीस वाईट. मी नोकरीत असताना कोणी आमच्याबद्दल असं सरसकट बोललं की माझं डोकं फिरायचं. पण आमच्या त्या पोराच्या रायफलीपुढे आलेला टोपीवाला आपल्याच जातीचा, आपल्याच तालुक्यातला होता. त्याला वाचवलं ते मी आधी ओरडलो म्हणून.

तर बोलायची रीत. हात स्टीअरिंगवर, आणि "बंदूक" या शब्दाने सुरुवात करू नकोस. आधी नमस्कार, मग "माझ्याकडे सीपीएल आहे" (तुमचा तो पिस्तुलाचा परवाना), मग "पिस्तूल उजव्या कमरेला आहे, मी हात हलवत नाहीये, तुम्ही सांगाल तसं करतो." मग गप्प. त्याने लायसन्स मागितलं तर ते कुठे आहे ते आधी तोंडाने सांग, तो हो म्हणाला की मग हात हलव, सावकाश. पाकीट मागच्या उजव्या खिशात ठेवायची तुला वालचंद कॉलेजपासूनची सवय आहे. ती मोड. पाकीट आणि पिस्तूल एका बाजूला नको. पाकीट शर्टाच्या खिशात ठेव, नाहीतर डॅशबोर्डवर. तो म्हणाला पिस्तूल काढून घेतो, तर त्याला घेऊ दे, तू स्वतः काढून देऊ नकोस. तो "काढून दे" म्हणाला तरीसुद्धा "सर, तुम्हीच घ्या" म्हण. मेघनाला सांग, मदत म्हणून ग्लोव्ह बॉक्स उघडायचा नाही, पर्समध्ये काही शोधायचं नाही. तिचा स्वभाव पुढे होऊन करण्याचा आहे, चांगला आहे, पण तेव्हा नको. चुकीचं चलन फाडलं तरी तिथे वाद नको, वाद कोर्टात. तुझं नंदूकाकासारखं आहे, आपण बरोबर असलो की आवाज चढतो.

हे फर्मान झालं. चाळिशीला आलेल्या माणसाला, दहा माणसं हाताखाली असलेल्या इंजिनिअरला, बाप चौकीवर उभं केल्यासारखं सुनावतो आहे. रागावू नकोस. तू पाच वर्षांचा असताना माझ्या पट्ट्याच्या बक्कलाला ब्रासो लावून घासत बसायचास आणि त्यात स्वतःचं तोंड बघायचास. पोलीस व्हायचं म्हणायचास. मी तुझ्या आजीला म्हणायचो, हा काही या खात्यात जायचा नाही, याला मी शिकवीन. शिकवलं. आणि आता तू खिडकीच्या आतल्या बाजूला आहेस, आणि कमरेला हत्यार तुझ्या आहे. माझ्या कमरेला बहुतेक वर्षं काठी आणि शिट्टीच होती.

गणपतीला शिकागोला जाणार म्हणालास. इलिनॉयमध्ये मिशिगनचा परवाना चालत नाही, तिथे गाडीबाहेर ते कमरेला लावून फिरता येणार नाही. ओहायोत २०२२ पासून पोलिसाने विचारलं तरच सांगायचं, असं वाचलं. तरी तू आपला मिशिगनचाच नियम पाळ आणि सगळीकडे आधी सांग. दोन घोट बिअर घेतली असेल तर ते घेऊन निघू नकोस. तुमच्याकडे ०.०२ ची मर्यादा आहे, म्हणजे जवळपास काहीच नाही. आणि घरी ते कुलपात असतं ना? तुमच्याकडे २०२४ पासून लहान मूल घरात असेल तर कुलूप कायद्याने सक्तीचं आहे. सिया आता सात वर्षांची झाली, तिला खुर्ची ओढून फळीपर्यंत पोहोचता येतं. मी स्वतः पाहिलं आहे, बिस्किटांसाठी.

विचारणार नव्हतो, पण विचारतो. कॅस्टीलच्या गाडीत मागच्या सीटवर चार वर्षांची मुलगी होती. तुला थांबवलं तेव्हा सिया मागेच होती, हे तिने स्वतःच सांगितलं. ती गाडीत असेल तेव्हा तरी ते घरी ठेवशील का? "त्याच वेळी तर लागेल" असं तू म्हणशील, मेघनाही हेच म्हणाली आईला. मला याचं उत्तर येत नाही. नाक्यावर माझ्या डोक्यात काय चालायचं तेवढं मला ठाऊक आहे, आणि मी त्याच बाजूने बघतो. तू नाही म्हणालास तर मी पुन्हा विचारणार नाही.

आईने मेतकूट, कुळथाचं पीठ आणि सियासाठी राजगिऱ्याचे लाडू कुरिअरने पाठवले आहेत. कस्टमवाल्यांनी मागच्यासारखं फोडून बघितलं तर लाडू मोडतील, तरी खा. माझी शुगर बरी आहे. गुडघ्याचं डॉक्टरांनी पावसाळ्यानंतर बघू म्हटलंय.

तुझे,
अण्णा

ता. क. रजिस्ट्रेशन आणि विम्याचा कागद नक्की कुठे ठेवतोस, ते कळव. ग्लोव्ह बॉक्समध्ये असेल तर तिथून काढून सन व्हायझरला क्लिप लाव. आजच लाव, रविवारची वाट बघू नकोस.