‘डूलॅली’चा दोष देवळालीच्या हवेला नको

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

इंग्रजीत गेलेल्या देशी शब्दांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. लूट, बंगला, शांपू ही नेहमीची मंडळी होतीच, शेवटी दोन ओळींत ‘डूलॅली’ही डोकावला. ‘डोकं फिरलेला’ अशा अर्थाचा हा शब्द देवळालीवरून पडला, हे बरोबर. पण ‘तिथल्या उकाड्याने गोऱ्या सैनिकांना वेड लागे’ हे कारण वाचून आम्हा देवळालीकरांची करमणूक झाली. उन्हाळा इथेही असतोच, नाही कशाला म्हणू! पण मुंबईकर ज्या गावी पिढ्यान्‌पिढ्या हवापालटाला आले, सॅनेटोरियमं बांधून राहिले, त्या गावाच्या हवेने म्हणे माणसं खुळावत!

खरं कारण हवेत नव्हतं, आगबोटींच्या वेळापत्रकात होतं. देवळालीची छावणी १८६०च्या दशकातली. विलायतेहून मुंबईत उतरलेले सैनिक रेल्वेने घाट चढून आधी इथे येत आणि मग हिंदुस्थानभर पांगत. परतणाऱ्यांचा मुक्कामही इथेच. घोळ व्हायचा तो परतीच्या वेळी. सैनिकांना नेणारी जहाजं साधारण हिवाळ्याच्या हंगामातच सुटत. मग ज्याच्या नोकरीची मुदत एप्रिलात भरली, त्याने काय करायचं? अख्खा पावसाळा छावणीत बसून काढायचा.

याला साक्षीदार आहे. रॉयल वेल्श फ्युझिलियर्स पलटणीतला फ्रँक रिचर्ड्स हा साधा शिपाई विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात होता. त्याच्या इथल्या आठवणी १९३६ साली छापून आल्या. मुदत भरलेल्यांकडे ना हत्यार ना सरंजाम, कधीमधी सामानाची तपासणी, एखादी कूच, बाकी सगळा दिवस अंगावर यायचा, असं तो सांगतो. आयुष्यभर नाकासमोर चाललेले काही शिपाई ऐन घरी जायच्या वेळी इथे गुन्हा करून बसत, आणि आधी तुरुंग भोगून मग बोटीत चढत. एखादा विचित्र वागू लागला की त्याला ‘डूलॅली टॅप’ झाला म्हणायचं, ही रीत या कंटाळ्यातूनच पडली असावी, असं रिचर्ड्सचं मत. ‘असावी’ म्हणण्याची सावधगिरी त्याचीच. पण छावणी त्याने डोळ्यांनी पाहिली होती, म्हणून उकाड्याच्या गोष्टीपेक्षा माझा भरवसा त्याच्यावर.

आपल्या लेखात अर्धा शब्द सुटलाच आहे. हा ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. सैनिकांनी तो हिंदुस्थानीतून उचलला आणि कोशकार त्याचा माग फारसी, संस्कृतपर्यंत नेतात. म्हणजे मूळ प्रयोग ‘देवळालीचा ताप’. ‘डोक्याला ताप’ रोज म्हणणाऱ्या मराठी माणसाला तो फोड करून सांगायला नको. इंग्लंडात मात्र पंचाईत झाली. फ्रेझर आणि गिबन्स यांनी १९२५ साली सैनिकी बोलीचा कोश छापला, तेव्हा शब्दाला ताप चिकटलेला होता. पण इंग्रजी कानाला टॅप म्हणजे एक तर टपली, नाहीतर नळ. ताप काही ऐकू येईना आणि ते शेपूट हळूहळू गळून पडलं. आमचा ‘ळ’ तर आधीच गेला होता.

उरलेला ‘डूलॅली’ पुढे सौम्य होत गेला. ज्या अवस्थेत माणसं तुरुंगापर्यंत पोचत, तिचं नाव आज ब्रिटनमध्ये विसरभोळ्या आजोबांना लावतात, फुटबॉलपायी खुळावलेल्या गर्दीला लावतात, भलताच कागद बाहेर टाकणाऱ्या प्रिंटरलाही लावतात. त्यात १९७४ ते १९८१ या काळात बीबीसीवर सुरुवातीला देवळालीच्या तोफखाना छावणीत घडणारी विनोदी मालिका चालली, तेव्हा गावाचं नावही तिकडे घरोघरी हसण्यावारी गेलं. आणि २००९ साली पुण्यात ‘डूलॅली’ याच नावाने बिअर गाळायला सुरुवात झाली. त्यांच्या बैठकीच्या जागांना ‘टॅपरूम’ म्हणतात. तापाचा अखेर नळ झाला तो असा, आणि तोही महाराष्ट्रातच! नाव ठेवणाऱ्याला मी मनापासून दाद देतो.

मराठीत येरवडा आणि ठाणे ही नावं वेडाशी जोडली गेली, ती तिथल्या मनोरुग्णालयांमुळे. देवळालीचं नाव मात्र घरी जायची परवानगी हातात असून बोट नसलेल्या माणसांनी असं करून ठेवलं. एवढी दुरुस्ती पुढच्या पुरवणीत छापावी, ही विनंती. उकाड्यानेच असे शब्द घडत असते, तर इंग्रजांनी आगगाड्यांचं एवढं मोठं जंक्शन थाटलेल्या भुसावळच्या नावाने इंग्रजी कोशाची निदान दोन पानं भरली असती.

आपला,
एक वाचक, देवळाली कॅम्प