दुखणं अंगावर काढण्यामागचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आरोग्य शिबिराच्या उद्घाटनाला एक वाक्य ठरलेलं असतं: 'आपल्या ग्रामीण भागातले लोक अज्ञानामुळे दुखणं अंगावर काढतात.' दुसऱ्या दिवशी बातमीतही तेच येतं. माझं बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात मेडिकल आहे. दवाखान्याची पायरी चढायची की नाही, हे इथल्या कितीतरी घरांत माझ्या काउंटरवर उभ्या उभ्या ठरतं. तिथून पाहताना मला अज्ञान फार थोडं दिसतं. माणसं हिशेब करतात, आणि त्यांच्या जागी उभं राहून पाहिलं तर तो हिशेब बहुतेक वेळा चुकलेलाही नसतो.

बाजाराच्या दिवशी एक बाई येतात. नवऱ्याच्या पायाला जखम झालीय, मलम पाहिजे. नवरा शुगरचा पेशंट. त्याच्या गोळ्या माझ्याकडूनच जातात, पण अख्खं पाकीट कधीच नाही. बाजाराच्या पैशातून जमतील तेवढ्या, कात्रीने कापून. 'ताई, हे मलमाचं काम नाही, मोठ्या दवाखान्यात दाखवा,' म्हटलं तर त्या वाद घालत नाहीत. 'दाखवायचंच हाय हो भाऊ. तूर तेवढी निघू द्या.' मग सगळं बाहेर येतं. नवऱ्याला एकट्याला पाठवता येत नाही. पोरगा चाकणला कंपनीत, सुट्टी मागितली की पगार कापतात. बाईंनी जावं तर दोन दुभत्या म्हशी कोणाच्या भरवशावर सोडायच्या? पहिल्या दिवशी रक्त तपासणार, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट, आणि तिसऱ्या दिवशी 'सर्जन नाहीत, परवा या'. हे सगळे दिवस त्यांच्या डोक्यात आधीच मोजून झालेले असतात. शुगरची जखम चिघळते हे या बाईंना कोणी सांगायला नको. त्यांच्या भावकीतल्या एकाचा पाय गुडघ्याखालून काढलाय, तो रोज त्यांच्या दारावरून जातो.

आता कोणी म्हणेल, सगळं तर फुकट आहे. खरं आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरलासुद्धा पैसे नाहीत. पण तो निर्णय त्या विभागापुरता. तालुक्याच्या दवाखान्यातून पेशंटला वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवलं की विभागच बदलतो, हे त्या पेशंटला कुठून कळणार? महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता पाच लाखांपर्यंत उपचार होतात. मराठवाड्यातल्या पांढऱ्या रेशनकार्डवाल्या शेतकऱ्यांनाही ती आधीपासून लागू होती. चांगलीच योजना आहे, माझ्या डोळ्यांदेखत माणसं वाचलीत. पण ती मुख्यतः भरती झाल्यावर कामाला येते. भरती होण्याआधीची सोनोग्राफी, ये-जा, सोबत आलेल्याचं जेवण आणि बुडालेली मजुरी यांचं कार्ड अजून निघालेलं नाही. (बाहेरून आणायच्या औषधांची चिठ्ठी घेऊन लोक माझ्याच दुकानात येतात, त्यामुळे या बाबतीत माझी तक्रार कोणी फार मनावर घेऊ नये.)

सोयाबीनचंही तसंच. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि बाजारात माल त्याच्या बराच खाली जात होता. 'सोयाबीन विकल्यावर ऑपरेशन' असं ज्यांनी ठरवलं होतं त्यांनी माल घरात ठेवला, आणि मालाबरोबर हर्निया आणि मोतीबिंदूही घरात राहिले.

पण हा हिशेब कुठपर्यंत जातो हे पाहायचं असेल तर आमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोडीकडे पाहा. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई एक दिवस दुखण्यानं पालावर पडून राहिली की खाडा, म्हणजे बुडालेला दिवस, धरला जातो आणि तो दोघांच्या खात्यावर चढतो. फडात ना आडोसा ना पाणी. अंगावरून पांढरं जाणं, पोटात दुखणं हे तिथे नेहमीचंच. दवाखान्याच्या दर फेरीला एक खाडा. अशा वेळी कोणी डॉक्टर म्हणाला, 'पिशवी काढून टाका, कटकट संपेल,' तर ती बाई काय ठरवेल? २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेले आकडे असे: बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. तेव्हा सगळा राग डॉक्टरांवर निघाला, आणि तो निघायलाच हवा होता. पण ज्या बाईला चार वेळा गोळ्या घ्यायला जाणं परवडत नाही, तिला एकदाच मोठं ऑपरेशन परवडतं, याकडे फारसं कोणी पाहिलं नाही. या बायका दवाखान्यात आल्याच नाहीत असं कोण म्हणेल? आल्या, पैसे कर्जाऊ काढून आल्या. त्यांना अडाणी म्हणून मोकळं होता येत नाही.

दुसरी गोष्ट वागणुकीची. गावातल्या डॉक्टरच्या पदवीबद्दल कधी कधी न बोललेलं बरं, पण तो रात्री अकराला दार उघडतो, पैसे 'राहू द्या, बाजाराला द्या' म्हणतो आणि पेशंटच्या पोरीचं लग्न जमलं का हेही विचारतो. थकवा आला की लोक सलाईन लावून घेतात, याला आपण सुशिक्षित हसतो. त्या बाटलीतल्या मीठ-साखरेच्या पाण्याची गरज बहुतेकांना नसते, हे मलाही कळतं. पण त्या तासाभरात ती बाई पंख्याखाली आडवी होते आणि घरातलं कोणीतरी तिच्या उशाशी बसतं. वर्षभरात दुसऱ्या कशानं तिला हे मिळतं? उलट सरकारी ओपीडीत एकदा कोणी सगळ्यांसमोर 'इतके दिवस काय झोपला होता का?' म्हणालं, की तो माणूस पुढची पाच वर्षं तिकडे फिरकत नाही, आणि गल्लीतल्या आणखी चार जणांनाही फिरकू देत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत लोकांना सरकारी दवाखान्यात का जात नाही असं विचारतात. त्यांच्या यादीतली कारणं अशी आहेत: जवळ सोय नाही, वेळ सोयीची नाही, कर्मचारी जागेवर नसतात, फार थांबावं लागतं, उपचार चांगले मिळत नाहीत. अज्ञान त्या यादीत नाही. भाषणात मात्र तेच पहिलं.

देवऋषी, अंगारा, दृष्ट हे आहेच, नाकारत नाही. पण लोक एका हाताला गंडा बांधतात आणि दुसऱ्या हातात माझ्याकडची गोळी घेतात. साप चावल्यावर मंत्राच्या नादी लागणं हा मात्र जिवाशी खेळ आहे. दंश झालेल्याला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, आणि तिथे पोलिसांनी दयामाया दाखवू नये.

बायकांचं दुखणं घरात सगळ्यात शेवटी मोजलं जातं, हे काही नवं नाही. पण मार्च २०२३ पासून एसटीत त्यांना निम्मं तिकीट झालं आणि दोघी-तिघी जावा मिळून जिल्ह्याच्या दवाखान्यात जाऊन आलेल्या मी पाहिल्या. कोणी त्यांचं प्रबोधन केलं नव्हतं. तिकीट कमी झालं आणि सोबत मिळाली, एवढंच. आशाताई सोबत असेल तर आणखी सोपं, कारण तिला कुठली खिडकी कधी उघडते ते माहीत असतं आणि तिच्यासमोर लेडी डॉक्टर कधी येणार हे विचारायला लाज वाटत नाही.

म्हणून वेळेवर उपचार घ्या, अशी भिंत रंगवायला जो खर्च होतो त्यातून दुसरंच काही करावं. तालुक्याच्या दवाखान्यात आठवड्यातून दोन दिवस तरी संध्याकाळची ओपीडी ठेवावी, म्हणजे मजुरी न बुडवता येता येईल. सर्जन कोणत्या वारी असतात याचा बोर्ड दवाखान्यात असतो. तो ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायला काय हरकत आहे? बीपी-शुगर ज्यांची स्थिर आहे, त्यांना दर पंधरवड्याला हेलपाटा कशाला? दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात.

आणि ऊसतोड मजुरांना तर पूर्ण हंगामाच्या. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात. दरम्यान त्यांचा आमच्या तालुक्यातल्या दवाखान्याशी काही संबंध राहत नाही. बायकांची तपासणी आणि गोळ्यांचं वाटप ट्रक भरायच्या आधी वाडी-तांड्यावर जाऊन उरकावं लागेल. त्यासाठी आरोग्य विभागाने गणपतीतच यादी करायला घ्यावी.

आपला,
एक औषधविक्रेता,
ता. केज, जि. बीड