गडकरीसाहेब, सुरुवात नवले पुलाच्या उतारापासून करा

मा. नितीनजी गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री यांस,

सादर नमस्कार.

गाड्यांनी एकमेकींना बिनतारी इशारे देण्याच्या तंत्राची सुरुवात कुठून करावी, हे सांगायला हे पत्र लिहितोय. मी पुण्यात नऱ्ह्याला राहतो. नोकरी शिरवळच्या बाजूला, काम गाड्यांच्या अँटेना तपासण्याचं. संध्याकाळी परतताना नवा कात्रज बोगदा संपला की नवले पुलाकडे जाणारा उतार लागतो. तिथे जळक्या ब्रेक लायनरचा वास आला की नजर आपसूक आरशाकडे जाते, मागून कोणी सुसाट येत नाही ना म्हणून.

याच उतारावर नोव्हेंबर २०२२ मध्ये एका अवजड वाहनाने चाळीसहून अधिक गाड्या ठोकरल्या. बरोबर तीन वर्षांनी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, दोन कंटेनरच्या मध्ये सापडलेली कार पेटली आणि आतली माणसं गेली. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडायची, इंजिनाचा आधार सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि ऐन वेळी ब्रेक धरत नाहीत. हे इथल्या प्रत्येक गॅरेजवाल्याला तोंडपाठ आहे.

म्हणूनच गाड्यांनी एकमेकींशी बिनतारी बोलण्याच्या तंत्राबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे. मागच्या पावसाळ्यात चाचणीसाठी आम्ही दोन गाड्या पुढे-मागे चालवल्या, मध्ये एक ट्रक. मला दिसत होता फक्त ट्रकचा चिखलाने माखलेला फाळका. पुढच्या गाडीने कचकन ब्रेक दाबला, आणि ट्रकचे लाल दिवे लागायच्या आधी माझ्या डॅशबोर्डवर बझर वाजला. अर्धा-पाऊण सेकंद मिळाला असेल. ताशी ८० किलोमीटर वेगाला अर्ध्या सेकंदात गाडी ११ मीटर जाते, साहेब.

यात ना सिमकार्ड लागतं, ना टॉवर. प्रत्येक गाडी आपली जागा, वेग, दिशा आणि ब्रेक दाबला की नाही हे सेकंदाला साधारण दहा वेळा रेडिओलहरींच्या ५.९ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आसपासच्या काहीशे मीटरमध्ये सांगत राहते. मालकाचं नाव त्यात नसतं. ट्रकच्या पलीकडचं कॅमेऱ्याला दिसत नाही, रेडिओला मात्र बऱ्याचदा वाट सापडते.

अडचण एकच: दोन्हीकडे यंत्र असेल तरच बोलणं होतं. नव्या महागड्या गाड्यांपासून सुरुवात केली, तर त्या आपसात बोलतील आणि उतारावरचा पंधरा वर्षं जुना टँकर मुका राहील. म्हणून माझी मागणी उलटी आहे. आधी ट्रक, टँकर, कंटेनर आणि एसटी-पीएमपीच्या बस. जुन्या गाड्यांना बाहेरून बसवता येईल असं स्वस्त यंत्र, आणि त्याची तपासणी फिटनेसच्या वेळी. एआयएस-१४० या वाहन-मानकाखाली सार्वजनिक वाहनांत लोकेशनचं यंत्र बसवणं आपणच सक्तीचं केलं. पण ते यंत्र दूरच्या सर्व्हरला सांगतं, दहा मीटर पुढच्या दुचाकीला नाही.

दुसरं, बोगद्याच्या तोंडाशी रस्त्याकडेला खांबावर यंत्र हवंच. बोगद्यात उपग्रहाचा सिग्नल तुटतो. बाहेर पडल्यावर जागा पुन्हा नीट कळायला थोडा वेळ जातो, आणि नेमका तिथेच उतार सुरू होतो. तिथल्या खांबाने गाडीला तिची जागा सांगावी. लोड घेतलेली गाडी न थांबता वेग घेतेय असं दिसलं, तर खाली नवले पुलापर्यंत फलक आणि दिवे पेटवावेत. यंत्र ब्रेक दुरुस्त करणार नाही, हे मला मान्य आहे. पण खाली चौकात थांबलेल्या बाईला स्कूटर बाजूला घ्यायला वेळ मिळेल.

आणि मानक एकच ठरवा. अमेरिकेने १९९९ मध्ये यासाठी याच पट्ट्यातले ७५ मेगाहर्ट्झ राखून ठेवले. पुढची वीस वर्षं ते फारसे वापरलेच गेले नाहीत, आणि शेवटी शेवटी वाय-फायच्या वळणाचं तंत्र की मोबाइलच्या, हा वाद सुरू झाला. या दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही. २०२० मध्ये त्यातले ४५ मेगाहर्ट्झ काढून घेतले गेले. आपल्याकडे २०२२ या एकाच वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. आपल्याला वीस वर्षं परवडणारी नाहीत.

वाहन तपासणारी एआरएआय ही संस्था याच शहरात, कोथरूडच्या टेकडीवर आहे. तिथून हा उतार फार लांब नाही. येत्या पावसाळ्याआधी पन्नास टँकर आणि दोन खांब घेऊन इथे चाचणी सुरू करा. चालकांना समजवायला, यंत्रं बसवायला रविवारी मी आणि माझे सहकारी फुकट येऊ.

आपला,
नऱ्ह्याचा एक रहिवासी