गार हात, खोटा दोष

महोदय,

मज्जातंतू म्हणजे घरातली वायर, ही उपमा अर्धीच खरी. वायरीत इलेक्ट्रॉन वाहतात. तंतूत सोडियमचे आयन पडद्याच्या दारांतून आत शिरतात. आतला विद्युतदाब उणे ७० मिलिव्होल्टवरून अधिक ३० च्या आसपास जातो, मग पोटॅशियम बाहेर पडून तो खाली येतो. सगळा खेळ एक-दोन मिलिसेकंदांचा. मायलिनचे वेष्टण असलेल्या जाड तंतूत संदेश उड्या मारत सेकंदाला १०० मीटरपर्यंत पळतो. वेष्टण नसेल तर जेमतेम १ मीटर.

थंडीत ही दारे हळू उघडझाप करतात. त्वचा १ अंशाने गार झाली की वेग सेकंदाला दीड-दोन मीटरने घटतो. डिसेंबरातल्या सकाळी हातमोज्यांविना दुचाकीवरून नागपुरात ‘एनसीव्ही’ (मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणाऱ्या) तपासणीला आलेल्याचा हात २७ अंशांवर असू शकतो. मग सेकंदाला ५५ मीटरचा वेग ४५ दिसतो आणि चांगल्या नसेवर आजाराचा शिक्का बसतो! हाताची त्वचा किमान ३२ अंश हवी. नुसते चोळून भागत नाही. हात कोमट पाण्यात ठेवावा, कोरडा करावा, तापमान पुन्हा मोजावे. तेल-क्रीमही नको, इलेक्ट्रोड नीट चिकटत नाही. अहवालावर तापमान लिहिले आहे का, हे रुग्णाने जरूर विचारावे.

– एक तंत्रज्ञ, धंतोली, नागपूर